साक्षरतेचा खर्च : आरंभाचा आणि सातत्याचा

दरवर्षी ८ सप्टेंबरला साक्षरता दिन साजरा होतो. प्रभातफेऱ्या निघतात, भाषणे होतात, नव्या वर्गांची उद्घाटने होतात. या उत्साहाविषयी कुणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु उद्घाटन झालेल्या वर्गांपैकी किती वर्ग पुढील साक्षरता दिनापर्यंत तग धरतात, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः लोकशिक्षणाच्या अर्थकारणातील कळीचा प्रश्न तोच आहे.

महाराष्ट्राच्या गाठी या बाबतीतील अनुभव कमी नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढे ती राज्यभर पसरली. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. अत्यल्प खर्च हे या मोहिमेचे वैशिष्ट्य मानले गेले. तेच तिचे वैगुण्यही ठरले. समारंभ आटोपल्यावर नवसाक्षराच्या हाती वाचावयास काय द्यावयाचे आणि ते कोणाच्या पैशातून, याची पुरेशी तरतूद नव्हती. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन स्थापन झाले. १९९० साली एर्नाकुलम जिल्हा संपूर्ण साक्षर म्हणून घोषित झाला आणि तोच नमुना अन्य जिल्ह्यांत नेण्यात आला. तेथेही मोहिमेची मुदत ठरलेली आणि अनुदान त्या मुदतीपुरते. २००९ सालच्या ‘साक्षर भारत’ कार्यक्रमाने ग्रामपंचायतींमध्ये लोकशिक्षण केंद्रे उघडली आणि प्रेरकांना दरमहा दोन हजार रुपये मानधन ठरविले. सातत्याच्या दिशेने टाकलेले ते योग्य पाऊल होते. पण ३१ मार्च २०१८ रोजी तो कार्यक्रमही संपला.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरानिमित्त मराठवाड्यातील एका गावी माझे जाणे होत असे. तेथील केंद्रात पन्नाशीच्या एक बाई एस.टी.ची पाटी अडखळत का होईना, वाचू लागल्या होत्या. केंद्र बंद पडल्यानंतर दोन वर्षांनी त्यांची पुन्हा गाठ पडली. “सही तेवढी ऱ्हायली बघा, गुरुजी. बाकीचं गेलं,” त्या म्हणाल्या. हे वाक्य मला अनेक अहवालांहून बोलके वाटते. अंगठा उठविणाऱ्याला निदान कागद वाचून दाखविण्याची रीत आहे. सही करणाऱ्याने मात्र कागद वाचला आहे, असे गृहीत धरले जाते. अर्धवट साक्षरतेने ते संरक्षणही हिरावून घेतले, असे म्हणावे लागेल.

याचे मूळ आपल्या हिशेबाच्या पद्धतीत आहे. खोली बांधणे, फळे-पाट्या घेणे हा एकदाच होणारा खर्च. त्याला देणगीदार मिळतो आणि कोनशिलाही बसते. शिकविणाऱ्याचे मानधन, दिव्याचे बिल, वर्तमानपत्र, नवी पुस्तके हा खर्च मात्र दरमहा येतो. त्यावर कुणाचे नाव कोरता येत नाही. म्हणून तो कुणालाच नको असतो. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या ‘नवभारत साक्षरता’ कार्यक्रमाची एकूण तरतूद १,०३७.९० कोटी रुपयांची असली, तरी शिकविण्याचा भार स्वयंसेवकांवरच टाकलेला आहे. स्वयंसेवा ही मोलाची गोष्ट खरी. पण तिच्यावर कायमची व्यवस्था उभारता येत नाही.

मग मार्ग कोणता? तो नव्याने शोधण्याची आवश्यकता नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मांडलेल्या प्राथमिक शिक्षण विधेयकात खर्चाचा एक वाटा स्थानिक संस्थांनी आणि दोन वाटे सरकारने उचलावेत, अशी कल्पना होती. ते विधेयक १९१२ साली फेटाळले गेले. तत्त्व मात्र शिळे झालेले नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला लोकांनी मूठमूठ धान्य दिले, तेव्हा शाळा ‘आपली’ झाली. आपल्याच राज्यात रोजगार हमीसाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविला गेला आणि करापोटी जमलेल्या रकमेइतकीच भर राज्य शासनाने घालावी, असे ठरले. शिक्षक व कारकून दरमहा तो कर भरत आले आहेत. एका निश्चित कामासाठी निश्चित उत्पन्न बांधून देण्याचा हा धडा साक्षरतेलाही लागू करता येईल.

प्रत्येक गावात ग्रामसभेच्या देखरेखीखाली एक शिक्षणनिधी असावा. गावाने एक रुपया घातला की शासनाने दोन घालावेत. आदिवासी व दुष्काळी गावांसाठी चार किंवा त्याहून अधिक. निदान पाच वर्षांची हमी द्यावी, वर्षअखेरीस शिल्लक परत जाऊ नये आणि जमाखर्च चावडीवर वाचून दाखवावा. ज्यांच्यासाठी हा निधी आहे, त्यांना तो हिशेब वाचता येऊ लागला, तर त्याहून मोठी परीक्षा कोणती?

यामुळे शासन आपली जबाबदारी झटकील, असा आक्षेप घेतला जाईल. ती भीती निराधार नाही. म्हणूनच शासनाचा वाटा कायद्याने बांधलेला हवा आणि गावाचा वाटा शासनाच्या वाट्याऐवजी नव्हे, तर त्याच्या जोडीला हवा. मुलांच्या शिक्षणाचा हक्क २००९ साली कायद्यात आला. ज्यांचे बालपण त्यापूर्वीच सरले, त्यांच्याविषयीचे आपले देणे अद्याप फिटलेले नाही. ते फेडावयाचे तर उद्घाटनाच्या दिवसाबरोबरच त्यानंतरच्या तीनशे चौसष्ट दिवसांचाही विचार अर्थसंकल्पात व्हावयास हवा.