पाटी कुत्र्याला, मैदान मंडपाला

परवा सकाळी मोठ्या मैदानाच्या फाटकावर नवी पाटी दिसली. पिवळा पत्रा, लाल अक्षरं. ‘कुत्र्यांना आत आणण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.’ कोणाचा आदेश, कुठला ठराव, तारीख काय, काही नाही. पालिकेत जाऊन विचारलं तर बाबू म्हणाले, "तक्रारी आल्यात." किती? "आल्यात ना साहेब." बघू म्हटलं तर फाइल वरच्या साहेबांकडे आणि वरचे साहेब मीटिंगला.

गुन्हा काय तर सकाळी सहा ते सात आम्ही पाच-सहा जण तिथं कुत्री खेळवतो. चेंडू फेकायचा, त्यानं पळत जाऊन तोंडात धरून आणायचा, पायाशी टाकायचा आणि ‘फेक ना’ म्हणून तोंडाकडे बघत बसायचं. एक रिटायर मास्तर, एक किराणावाले, कॉलेजची दोन पोरं आणि मी. हो, माझ्याकडं लॅब्रॅडोर आहे. कोणी शोधून काढायच्या आधी मीच सांगून टाकतो.

आता याच मैदानाचं वर्षभर काय होतं ते आठवा. दिवाळी झाली की लग्नाचे मंडप. मग प्रदर्शन-कम-सेल, मग आनंदमेळा, मग कोणाच्या तरी वाढदिवसाचा ‘भव्य’ चषक, मग सभा. मंडपवाले जातात, खड्डे आणि लोखंडी खुंट्या राहतात. मागच्या उन्हाळ्यात फिल्डिंग करणाऱ्या एका पोराच्या तळपायात असलीच खुंटी घुसली, टाके पडले. त्याची पाटी कुठं लागली का? मंडपाचं भाडं मिळतं. चेंडूचं मिळत नाही.

कायद्याचंच बोलायचं तर १९६०चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा काढा. कलम ११. कायम साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसा व्यायाम दिला नाही तर तो गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये! पन्नास रुपयात आज दोन वडापाव येतात, ते सोडा. पण कायदा म्हणतो कुत्रं पळवा आणि पाटी म्हणते आणू नका. मग पळवायचं कुठं, हायवेवर? लॅब्रॅडोर ही जात माणसानं तयारच केली ती मारलेला पक्षी तोंडात धरून आणून द्यायला. तो बाल्कनीत बांधला की भुंकणार, जाडा होणार, सोफा फाडणार. मग त्याचीही तक्रार होणार.

लोकांची भीती मात्र खोटी नाही, हे मान्य. लहान पोरं घाबरतात, गुडघेदुखीच्या आजींना धक्का लागला तर हाड मोडेल. आणि आपले काही कुत्रेवाले, माफ करा, पण निर्लज्ज आहेत. घाण तशीच टाकून जातात, पट्टा नाही, रेबीजच्या इंजेक्शनचं कार्ड विचारलं तर हसतात. "काही करत नाही हो तो," हे वाक्य ज्याला कुत्रं चावलंय त्याला ऐकवून बघा. अशांना पालिकेनं बिनधास्त दंड करावा, नाव मी छापतो.

पण गावात लोकांना चावतात ती कुत्री कुठली? मटण मार्केटच्या मागची, रात्री स्टँडवर टोळीनं फिरणारी. त्यांना पकडून नसबंदी आणि लस देण्याचं काम २०२३च्या नियमांनी स्थानिक संस्थेवर टाकलंय. म्हणजे आपल्या पालिकेवर. त्याचं टेंडर, डॉक्टर, पिंजरे कुठं आहेत हे मी तीनदा विचारलं, तीनदा चहा मिळाला. ते काम जड आहे. पाटी रंगवायला एक पेंटर पुरतो.

मागणी साधी आहे. सकाळी सात वाजेपर्यंत पाण्याच्या टाकीकडचा कोपरा कुत्र्यांना द्या. येताजाता पट्टा, लसीचं कार्ड आणि घाण उचलायची पिशवी सक्तीची करा. सातनंतर कुत्रं दिसलं तर दंड. आणि मंडपवाल्यांकडून डिपॉझिट घ्या, खुंट्या निघाल्याशिवाय परत देऊ नका. (कुत्रेवाल्यांनो, काठ्या फेकू नका. ढलपी घशात रुतते. तोंडात मावून आत जाईल असला छोटा बॉलही नको.)

सोमवारी अर्ज देतोय. कुत्री नसलेल्यांच्या सह्या जास्त हव्यात. रविवारी सकाळी साडेसहाला फाटकाबाहेर, पाटीखालीच भेटू.