ओवी सांगणारीचे नाव

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी वाङ्मयचौर्याला टक्केवारीचे माप लावले. प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही, ६० टक्क्यांहून अधिक असल्यास विद्यार्थ्याची नोंदणी रद्द. हे माप छापील वा संगणकावरील मजकुरालाच लागू पडते. शहापूर-मुरबाडच्या एखाद्या ठाकरवाडीवर टिपून घेतलेले गाणे कोणतीही आज्ञावली ओळखणार नाही. आणि लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी आपण जातो ते तिथेच.

‘लोकसाहित्याला कर्ता नसतो’ हे विधान अशा वेळी फार सोयीचे ठरते. कर्ता अज्ञात असेलही. सांगणारी तर समोर बसलेली असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, त्या गाणाऱ्या स्त्रियांच्या नावागावांसह. आपल्या दहा ओव्यांच्या प्रकल्पाला ते जड का जावे?

तिचे कथन आपण प्रमाण मराठीत उतरवले, तरी श्रेय तिचेच राहते. शब्द बदलल्याने उसने फिटत नाही. तेव्हा नाव, गाव, दिनांक लिहावा. त्याआधी तिची संमती घ्यावी. नाव देऊ नका, असे तिनेच सांगितले, तर तळटीपेत तसे नमूद करावे.