विभक्तींचा क्रम : साधन की सोवळे?

१/ ‘प्रथमा, द्वितीया, तृतीया…’ हा क्रम भाषेच्या निसर्गातूनच आला आहे, असा समज मराठी शाळांत पक्का रुजला आहे. तो चुकीचा आहे. विभक्तींचा क्रम वैयाकरणांनी घडवलेला असतो आणि तो ज्या भाषेसाठी घडवला, तिथेच शोभतो.

२/ संस्कृतात तो शोभतो. द्विवचन पाहावे : प्रथमा-द्वितीया ‘रामौ’, तृतीया, चतुर्थी, पंचमी ‘रामाभ्याम्’, षष्ठी-सप्तमी ‘रामयोः’. सारखी रूपे शेजारी-शेजारी येतात. क्रम मोडला की ही जुळणीही मोडते.

३/ ग्रीक परंपरेचा क्रम वेगळा. आपल्या संज्ञांत सांगायचे तर प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया, संबोधन. रोमनांनी तो उचलला आणि ग्रीकमध्ये नसलेली, पंचमीसारखी आपली विभक्ती शेवटी जोडली. लॅटिनमध्ये हिचे आणि चतुर्थीचे अनेकवचन एकच. तरी तक्त्यात दोघींची ताटातूट झाली.

४/ इंग्लंडमध्ये बेंजामिन हॉल केनेडी यांच्या १८६६ च्या लॅटिन पाठ्यपुस्तकाने हा क्रम बदलला आणि सारखी रूपे जवळ आणली. ब्रिटिश शाळांनी तो स्वीकारला. अमेरिकेत जुना क्रम टिकला. लॅटिनचे काहीही बिघडले नाही.

५/ आता मराठी. ‘रामाने रावणाला मारले’ येथे द्वितीया. ‘रामाने बिभीषणाला राज्य दिले’ येथे चतुर्थी. प्रत्यय दोन्हीकडे ‘ला’च. शालेय तक्त्यातही दोन्ही विभक्तींचे प्रत्यय तेच : स, ला, ते. तरीही मधे तृतीया बसवून एकाच प्रत्ययमालेला दोन घरे दिली जातात.

६/ ‘पण अर्थ वेगळा आहे ना?’ हा आक्षेप नेहमीचा. अर्थ वेगळा आहेच. पण तो भेद कारकाचा. कर्म आणि संप्रदान ही कारके निराळी, द्वितीया आणि चतुर्थी या विभक्ती निराळ्या, हे पाणिनीनेच काटेकोरपणे वेगळे ठेवले. मराठीत कारके दोन, रूप एक, एवढे सांगितले की पुरे.

७/ ते न सांगता मुलांकडून तक्ता घोकून घेतला जातो. ‘ला’ पाहून द्वितीया लिहिणाऱ्या मुलाचा गुण कापला जातो आणि मराठी व्याकरण म्हणजे निष्कारण छळ, हा धडा तेवढा त्याच्या मनात पक्का होतो. पाणिनीने आपल्या भाषेची रूपे डोळसपणे पाहिली होती. त्याचा तक्ता मराठीवर लादणे हा त्याचा आदर नव्हे; मराठीची रूपे तितक्याच डोळसपणे पाहणे, हा आहे.