डबा बदलला, पण औषध तेच राहिलं

सोयाबीन पंधरा-वीस दिवसांचं झालं की कृषी केंद्रावर एकच मागणी असते, ‘तण जाळायचं द्या.’ दुकानदार देईल ते पंपात पडतं. यंदा एवढं करा : डब्यावरच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत रसायनाचं नाव असतं, ते वाचा आणि वहीत लिहून ठेवा.

कारण सांगतो. इमॅझेथापायर मारलं की तण जळत नाही, उपाशी मरतं. वाढीसाठी प्रथिनं लागतात, प्रथिनांसाठी अमिनो आम्लं. त्यातली काही आपण डाळ-भाकरीतून मिळवतो. झाडाला मात्र सगळी स्वतःच तयार करावी लागतात. ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन बनवण्याच्या कामात एएलएस नावाचं एक एन्झाइम लागतं. इमॅझेथापायर नेमकं तेच बंद पाडतं. सोयाबीन हे औषध स्वतःच्या अंगात लवकर मोडून टाकतं, म्हणून ते तगतं. तणाची वाढ आधी थांबते, शेंडा पिवळा पडतो, आणि मरायला दोन-तीन आठवडेही लागतात. चौथ्या दिवशी ‘तण हिरवंच आहे’ म्हणून दुसरा हात मारणं म्हणजे पैसे मातीत घालणं. एकरी ४०० मिलीची शिफारस असेल, तर तेवढंच मारा.

आता खरी अडचण. शेतात तणाची लाखो रोपं असतात. एखाद्यात हे एन्झाइम जन्मतःच किंचित वेगळं असतं. औषध त्याला चिकटत नाही, पण त्याचं काम बिनबोभाट चालू राहतं. बाकीची मरतात, ते एक बी धरतं. पुढच्या हंगामात त्याचीच पिल्लावळ. मग आपण कंपनी बदलतो आणि क्लोरीम्युरॉन आणतो. तेही एएलएसवरच बसतं! डायक्लोसुलामचंही तेच. दुकानात तीन डबे, शेतात एकच मारा.

अमेरिकेतल्या कापूस-सोयाबीनवाल्यांनी हे ग्लायफोसेटच्या बाबतीत भोगलंय. ते ईपीएसपीएस हे दुसरं एन्झाइम अडवतं, तेही अमिनो आम्लांच्याच वाटेवरचं. जॉर्जियात आपल्या माठाच्याच कुळातल्या एका तणाने त्या एन्झाइमच्या जनुकाच्या पाचपासून १६० पटींहून जास्त प्रती अंगात तयार केल्या. औषध तरी किती अडवणार?

म्हणून चोरबीटीबद्दल, म्हणजे चोरून विकल्या जाणाऱ्या तणनाशक-सहनशील कपाशीबद्दलही स्पष्ट बोलतो. त्या कपाशीत जिवाणूकडून घेतलेलं, ग्लायफोसेटला न जुमानणारं ईपीएसपीएस असतं. निंदणाची मजुरी परवडत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून ते बियाणं घेणाऱ्याला मी शहाणपण शिकवणार नाही. पण त्या बियाण्याला परवानगी नाही, पक्कं बिल मिळत नाही, उगवलं नाही तर तक्रार कुठे करणार? आणि दरवर्षी त्यावर फक्त ग्लायफोसेट मारलं, तर केन्यासारखं मुळातच चिवट तण तेवढं रानात उरेल.

मग करायचं काय? यंदा एएलएसवालं मारलं असेल, तर पुढच्या वर्षी वेगळ्या जागी घाव घालणारं घ्या : पेरणीनंतर उगवणीपूर्वी पेंडीमेथालिन, किंवा गवतवर्गीय तण जास्त असेल तर क्विझालोफॉप. कोणतं कोणाबरोबर चालतं, हे कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या. डवरणी सोडू नका. माणसाच्या शरीरात एएलएस आणि ईपीएसपीएस ही एन्झाइमं नाहीत, म्हणून औषध निर्धोक असंही समजू नका. त्यात इतर द्रव्यंही असतात. हातमोजे आणि मास्क घालूनच पंप पाठीवर घ्या.

आणि फवारणीनंतर तीन आठवड्यांनी एकदा रानातून फिरा. आजूबाजूचं सगळं वाळलेलं असताना एखादं झाड हिरवंगार, टवटवीत दिसलं, तर त्याला फुलोरा येण्याआधी मुळासकट उपटा आणि बांधावर न टाकता शेताबाहेर न्या.