दरीच्या तोंडचें गांव

सांदण दरी पाहून आलेला सुशिक्षित मुंबईकर आज घरोघर भेटतो. ‘आम्ही साम्रद पाहिलें’ असें सांगणारा मात्र आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांत, रतनगडाच्या कुशींत, नेमकें या दरीच्या तोंडाशीं तें वसलें आहे. प्रत्येक जण त्यांतूनच पुढें जातो. तरी त्याचें वर्णन ‘बेस व्हिलेज’ एवढ्या दोन परक्या शब्दांत आटोपतें. रतनगडापुरता हा शब्द खपेल. दरीपुरता तो निखालस खोटा आहे. साम्रद दरीच्या पायथ्याशीं नसून माथ्याशीं आहे. दरी तेथून खालीं कोंकणांतील डेहणे गांवाकडे उतरते. ज्यांस वर कोणतें व खालीं कोणतें हेंही उमगलें नाहीं, त्यांनीं प्रवासवर्णनें लिहावीं, हा आमच्या वाङ्मयाचा गौरवच म्हणावयाचा!

सह्याद्रीवर धुकें उतरलें कीं या लेखणीस स्वित्झर्लंड आठवतें. खुशाल आठवावें, पण मग तेथील डोंगरी गांवांची शिस्तही आठवावी. आल्प्समधील टोर्बेल या गांवानें १५१७ सालींच नियम घातला कीं, हिवाळ्यांत जितक्या गाई ज्यास पोसतां येतील, तितक्याच त्यानें उन्हाळ्यांत सामाईक कुरणावर सोडाव्या. आमच्या डोंगरांतील टंचाई चाऱ्याची नसून पाण्याची आहे. पावसाळ्यांत येथें आभाळ फाटतें. १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदरा धरण तें पाणी अडवून खालच्या शेतांस देतें. परंतु काळ्या कातळांत पाणी फारसें मुरत नाहीं, आणि वैशाखांत डोंगरवाड्यांतील बायांच्या वाट्यास हंडा घेऊन पायपीट येते. नेमके त्याच सुमारास काजवे पाहणाऱ्यांच्या मोटारींचे तांडे या भागांत चढतात. तेव्हां टोर्बेलचा नियम मराठींत असा होईल: वैशाखांतील झरा जितक्यांस पुरेल, तितकेच पाहुणे.

यावर कोणी म्हणेल, पाहुण्यांमुळें गांवांत चार पैसे येतात. येतात, हें आम्हांस मान्य आहे. जेवण रांधणाऱ्या बाईस व वाट दाखविणाऱ्या पोरास तो पैसा मिळावा, हीच आमची इच्छा आहे. परंतु पाहुणे किती, कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या अटींवर, हें ठरविणार कोण? तंबूवाला शहरी दलाल, कीं गांव? अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांस आपली सामाईक साधनसंपत्ति राखण्याचा अधिकार १९९६ च्या कायद्यानें दिलेला आहे. तो कागदावरून दरीच्या तोंडापर्यंत पोंचला पाहिजे.

आमच्या अँटॉप हिलवर कोणत्याही सोसायटीच्या फाटकाशीं पाहुण्यास अडवून नांव व गाडीचा नंबर वहींत लिहवून घेतात. अंगणांत तंबू ठोकूं देण्याची तर गोष्टच नको. यांत कोणास अपमान वाटत नाहीं. घर ज्याचें, वही त्याची, हा न्याय सर्वांस पटतो. तीच वही साम्रदच्या वेशीवर दिसली, तर आम्हीं तिच्यांत मुकाट्यानें सही करावी.