प्रतिभेचा बागुलबुवा

नवलेखकाला नाउमेद करण्याचें काम आमच्या विद्वानांनीं ज्या निष्ठेनें केलें आहे, त्या निष्ठेनें दुसरें कोणतेंहि केलेलें आढळत नाहीं. अंगीं प्रतिभा असेल तरच लेखणी उचला, हा त्यांचा ठरीव उपदेश. परंतु लेखणी उचलल्यावांचून प्रतिभा आहे कीं नाहीं हें कळावें कसें? हा साधा तर्कदोष आम्हां पदवीधरांना दिसूं नये, हें नवलच! हरिभाऊ आपट्यांच्या पदरीं पदवी नव्हती; १८९० सालीं निघालेल्या 'करमणुकीं'त त्यांनीं 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी हप्त्याहप्त्यानें वाचकांपुढें ठेविली. लक्ष्मीबाई टिळक तर अक्षरओळख लग्नानंतर शिकल्या. त्यांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून एकेक भाग करून बाहेर पडलीं. 'आधीं मम्मट वाचा, मग लिहा' असें त्यांना कोणीं बजाविलें असतें, तर मराठी गद्य केवढ्या धनाला मुकलें असतें!

तेव्हां अध्यापकबंधूंनो, विद्यार्थ्यानें भीत भीत आठ ओळी आणून दाखविल्या, तर त्यांतील जमलेली एक ओळ प्रथम त्याला दाखवा आणि उद्यां आणखी आठ मागा. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका कोठें पळून जात नाहींत. तांबडी शाई परवां काढली तरी चालेल.