मालक एकच

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-तुमसरकडच्या गावांतून फिरताना काही घरांच्या दारांवर 'परमात्मा एक' असे रंगवलेले दिसते. नागपूरच्या विणकर कुटुंबात जन्मलेले बाबा जुमदेवजी ठुब्रीकर (१९२१–१९९६) यांच्या मार्गातल्या सेवकांची ही घरे. या मार्गाकडे अनेक जण भीतीपोटीच वळले. घरातले दुखणे हटत नाही, कर्ज फिटत नाही, कुणीतरी करणी केल्याचे सांगतो आणि मग लिंबू, कोंबडे, गंडेदोरे सुरू होतात. भगत म्हणेल ते. अशा फेऱ्यांनी पिचलेला माणूस एक दिवस सगळा भार एकाच परमेश्वरावर टाकतो, दारू आणि सट्टा-जुगार सोडतो आणि भगताच्या दारी जाणे बंद करतो. श्रद्धेच्या नावाने कुणी औषधपाणी टाळत असेल तर ते आम्हाला साफ नामंजूर आहे. डॉक्टरकडे गेल्याने देव रुसत नाही. पण एकावर भरवसा ठेवला की बाकीच्यांचा धाक संपतो, हे या घरांनी दाखवले आहे आणि त्याचे मोल मोठे आहे.

दुःख याचे वाटते की भगताला न भिणारा हाच माणूस पुढाऱ्यापुढे मात्र हात जोडून उभा राहतो.

गेल्या काही वर्षांत या जिल्ह्याने भीती फार जवळून पाहिली. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी सुटले, इकडे गोसीखुर्द धरणाचे तेहतीसही दरवाजे उघडावे लागले, आणि भंडारा शहराच्या वस्त्यांत नदी शिरली. त्यानंतर पाच महिनेही झाले नव्हते तोच ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली. आत सतरा बाळे होती. धुरातून सात बाहेर काढता आली, दहा गेली. त्यातल्या कित्येकांचे नावही ठेवायचे राहिले असेल. पुढे २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि आठ कामगार घरी परतले नाहीत.

प्रत्येक वेळी गाड्यांचे ताफे आले, मदतीचे आकडे जाहीर झाले, चौकशी समित्या नेमल्या गेल्या. नेत्यांनी येऊ नये असे आमचे म्हणणे नाही. यायलाच हवे, ते त्यांचे काम आहे. पण घाबरलेल्या लोकांना त्यांच्यात त्राता दिसू लागतो तेव्हा घात होतो. 'भाऊ आले, आता बघतील' असे म्हणून आपण घरी जातो. भाऊ हा आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस आहे, त्याला निवडणुकीची चिंता आहे, त्याच्या डोळ्यांसमोर फक्त पाच वर्षे आहेत, याचा विसर पडतो. ज्याला देव मानले त्याला हिशेब विचारायला जीभ रेटत नाही. शिशू कक्षातल्या आगीनंतर अग्निसुरक्षेच्या यंत्रणेचा प्रस्ताव आधीपासून पडून असल्याच्या बातम्या आल्या होत्या. तो कागद ज्या टेबलावर थांबला, त्या टेबलापर्यंत जाणारे पाय आपल्याकडे फार थोडे निघाले.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच धोका सांगितला होता. धर्मात भक्तीने मुक्ती मिळत असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांचा इशारा होता. पुढे १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत ते याच भंडाऱ्यातून राखीव जागेवर उभे राहिले आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले. ज्या माणसाने व्यक्तिपूजेविरुद्ध इतके स्पष्ट बजावले, त्याचाही निकाल या जिल्ह्याच्या मतपेटीने लावला. तो पराभव आजही सलतो. पण मतदाराचा तो हक्क त्यांनीच लिहिलेल्या घटनेतून आला होता.

आणखी मागे गेले तर तेराव्या शतकात नीळभट भांडारेकार इथलेच. महानुभाव पंथाच्या श्रीचक्रधरांच्या मागे ते घरदार सोडून निघाले. परमेश्वराखेरीज कुणाचेही दास्य नको, ही महानुभावांची शिकवण तेव्हा यादवांच्या भरभराटीच्या काळात सांगितली जात होती. देवगिरीचे सिंहासन अढळ वाटत असेल तेव्हा. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी येऊन गेला, पुढच्या काही दशकांत यादवांचे राज्य बुडाले. महानुभावांचे मठ आजही आहेत.

देवाच्या सत्तेवर विसंबणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, असा अर्थ काही जण लावतात. आम्हाला तो पटत नाही. इथला धानउत्पादक शेतकरी रोवणी करतो तेव्हा पाऊस त्याच्या हाती नसतो. तरी तो चिखलात उतरतो, पऱ्हे लावतो, बांध नीट करतो. वरच्यावर भरवसा आहे म्हणूनच त्याला कष्ट करण्याचा धीर येतो. तोच शेतकरी धान खरेदी केंद्रावर बोनससाठी रांगेत उभा असतो तेव्हा मात्र त्याचा आवाज खाली जातो, जणू सरकार पदरचे देते आहे. बोनस हा कुणाचा प्रसाद नाही.

गोसीखुर्दचेच बघा. २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींनी भूमिपूजन केले तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे तो हजारो कोटींवर गेला. त्यानंतर किती पंतप्रधान, किती मुख्यमंत्री झाले, २००९ मध्ये प्रकल्पाला राष्ट्रीय दर्जाही मिळाला, आणि पवनी तालुक्यातली धरणग्रस्त कुटुंबे नव्या वसाहतींतल्या सोयींसाठी मोर्चे काढत राहिली. या काळात ज्या नेत्यांवर लोकांनी जीव ओवाळला, त्यांतले बरेच आज हयात नाहीत. मागणीचा कागद अजून तोच आहे.

म्हणून आमची विनंती एवढीच, की प्रार्थना जिथे करायची तिथे करावी आणि अर्ज जिथे द्यायचा तिथे द्यावा, दोन्हींची सरमिसळ करू नये. मृग निघण्याआधी नदीकाठच्या प्रत्येक ग्रामसभेने जिल्हा प्रशासनाला लेखी विचारावे, की संजय सरोवरातून पाणी सुटले तर आमच्या गावाला किती तास आधी कळेल, कोण कळवणार आणि त्याचा फोन नंबर काय? जिल्हा रुग्णालयाचे शेवटचे फायर ऑडिट कधी झाले, हेही त्याच कागदावर विचारावे. उत्तर आले नाही तर पुढच्या सभेत तोच ठराव पुन्हा घ्यावा, आणि व्यासपीठावर आमदार-खासदार बसलेले असले तरी तो मोठ्याने वाचून दाखवावा.